बाष्प आणि गॅसचा पहारेकरी

१/
१९६० चे दशक, जपान. सिलिंडरचा गॅस घरोघरी पोहोचत होता आणि त्यापाठोपाठ गळतीने होणारे स्फोटही. धोक्याची वेळीच सूचना देणारे यंत्र लवकरच निर्माण झाले. मात्र हवेतील बाष्पाशी त्याचा झगडा अर्धशतक चालला. त्या झगड्याचा हा इतिहास.

२/
१९६२ मध्ये क्युशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व सहकाऱ्यांनी दाखवले, की तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थराची विद्युतवाहकता वायूच्या स्पर्शाने बदलते. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा मार्ग धरला. १९६८ मध्ये त्यांचा संवेदक बाजारात आला. १९६९ मध्ये ‘फिगारो’ कंपनी स्थापन झाली.

३/
तत्त्व सोपे होते. हवेतील ऑक्सिजन टिन ऑक्साइडच्या कणांवर बसतो आणि त्यांतील इलेक्ट्रॉन अडवून धरतो; विद्युतरोध वाढतो. ज्वलनशील वायू आला, की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो. इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध घसरतो आणि घंटा वाजते.

४/
बाष्प येथेच दुहेरी घात करते. एकीकडे त्यानेही रोध घसरतो. म्हणजे वायू नसताना घंटा वाजू शकते. दुसरीकडे पाण्यापासून बनलेले हायड्रॉक्सिल गट ऑक्सिजनची जागा बळकावतात. म्हणजे वायू असूनही प्रतिसाद मंदावतो. रक्षकाचे हे दोन्ही दोष घातकच.

५/
पहिला उपाय उष्णतेचा. संवेदकातील तापक कणांना काहीशे अंश सेल्सिअसवर ठेवतो. सैल चिकटलेले पाणी उडून जाते. परंतु हायड्रॉक्सिल गट चिवट असतात. ते कोणत्या तापमानाला सुटतात, याचा शोध नोबोरू यामाझोए व सहकाऱ्यांनी १९७९ च्या शोधनिबंधात घेतला. शत्रूची ओळख पटली, पराभव बाकी होता.

६/
पुढची युक्ती रसायनाची. २०११ मध्ये सोलच्या कोरिया विद्यापीठातील संशोधकांनी टिन ऑक्साइडमध्ये निकेल ऑक्साइड मिसळले. निकेल ऑक्साइड पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि टिन ऑक्साइडवरील जागा ऑक्सिजनसाठी मोकळी राहते.

७/
२०१६ मध्ये त्याच विद्यापीठात इंडियम ऑक्साइडवर सेरियम ऑक्साइडचे सूक्ष्म पुंजके बसवण्यात आले. ते हायड्रॉक्सिल गट सतत दूर करून पृष्ठभाग ताजा ठेवतात. पाणी अडवण्याऐवजी बसलेले पाणी हटवण्याची ही कल्पना नवी होती.

८/
या खटाटोपाचे मोल आता स्वयंपाकघरापुरते उरलेले नाही. श्वासातील ॲसिटोनसारख्या वायूंवरून शरीराची अवस्था जाणण्याचे प्रयत्न सुरू आहेत, आणि माणसाचा उच्छ्वास बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. तागुचींच्या संवेदकासमोरचा जुना प्रश्न आज रुग्णाच्या श्वासापाशी येऊन उभा आहे.