पहिला धागा

लॅबमध्ये तीस वर्षं काढली. निळ्या बुचाच्या ट्यूबमधला प्लाझ्मा वेगळा करून ३७ अंशांच्या पाण्यात धरायचा, थ्रॉम्बिन घालायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि तारेच्या आकड्याला पहिला धागा लागेपर्यंत डोळा हलवायचा नाही. तो धागा फायब्रिनचा. मधुमेहाच्या पेशंटचा अनेकदा लवकर धरायचा, कारण ज्यापासून तो धागा बनतो ते फायब्रिनोजेन त्यांच्या रक्तात जास्त.

मधुमेह आणि वाढलेलं फायब्रिनोजेन हृदयाला धोक्याचं, हे कळलं मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावामुळे. १९४८पासून तिथले ५,२०९ स्त्री-पुरुष दर दोन वर्षांनी तपासणीला येत राहिले. मधुमेहाने हृदयविकार वाढतो, बायकांना तर त्याचा फटका जास्तच, हे १९७९ साली आकड्यांत मांडलं गेलं. फायब्रिनोजेनचं १९८७ साली. पुढे त्यांची मुलं आली, २००२पासून नातवंडंही. तीन पिढ्यांनी दंड पुढे केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.