वर्णपटलेखन, तंतुयुक्त : महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

ताऱ्याचा प्रकाश दूरदर्शकापासून प्रकाशीय तंतूमार्फत स्वतंत्र जागी स्थिर ठेवलेल्या वर्णपटलेखकात नेऊन वर्णपट नोंदण्याची पद्धती. मंद ताऱ्याचा प्रकाश दीर्घकाळ साठवावा लागतो. त्या अवधीत दूरदर्शकास जोडलेला लेखक स्वतःच्या वजनाने वाकतो, त्याचे तापमान बदलते व वर्णरेषा सरकतात. तंतूमुळे हा दोष बराच टळतो.

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ मुंबईत झाला. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातील वर्णपटीय प्रयोगशाळेसाठी ५,००० रु. दिले व मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. तेथील अध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांच्या प्रयत्नांनी या निधीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. ग्रब यांचा २० इंची (सु. ५१ सेंमी.) परावर्तक हे तिचे मुख्य साधन होते. मृग नक्षत्रातील अभ्रिकेची प्रमुख हिरवी रेषा म्हणजे उल्कांतील मॅग्नेशियमाच्या पट्ट्याची कडा होय, असे लॉक्यर यांचे मत होते. ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव असल्याचे नायगामवालांनी १८९१ मध्ये दाखवून दिले. ती दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनाची असल्याचे बोएन यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले. जेऊर (जि. सोलापूर) येथे २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेधही नायगामवालांनी घेतले. ते १९१२ मध्ये निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडईकानलला गेली.

ज्योतिषशास्त्रात तंतूंचा वापर १९७० नंतरच्या दशकात सुरू झाला. भारतात कावलूर येथील २.३४ मी. दूरदर्शकास तंतुयुक्त लेखक जोडण्यात आला. आता हौशी निरीक्षकही असे लेखक बांधतात. २ मी. केंद्रांतराच्या दूरदर्शकावर ५० मायक्रोमीटर व्यासाचा तंतू आकाशाचा केवळ ५ विकलांचा भाग ग्रहण करतो. त्यामुळे माहीमसारख्या उजळ वस्तीतूनही तेजस्वी ताऱ्यांचे वर्णपट मिळू शकतात. अतिमंद ताऱ्यांसाठी मात्र काळोखी जागाच लागते. तंतूतून बाहेर पडणारा प्रकाशशंकू आत शिरलेल्या शंकूपेक्षा रुंद असतो, म्हणून समांतरक भिंग पुरेसे मोठे घ्यावे लागते. तारा तंतूच्या तोंडावर टिकविण्यासाठी छिद्रयुक्त आरसा व मार्गदर्शक कॅमेरा वापरतात; तरंगलांबी ठरविण्यासाठी निऑन वा थोरियम-आर्गॉन दिव्याच्या रेषा नोंदतात.

पुण्याचे वेधकार्य एका व्यक्तीवर अवलंबून असल्याने तिच्याबरोबरच थांबले. ज्या कामासाठी एकेकाळी संस्थानिकाची देणगी व सरकारी साहाय्य लागले, ते आज अनेक हातांत आले आहे. त्याचे सातत्य राखणे हेच या इतिहासाचे मर्म होय.