चित्रपटांतील ओरखडे व तारा : निवारणाचा इतिहास

चित्रफितीवर पडलेले ओरखडे व धुळीचे ठिपके, तसेच चित्रीकरणाच्या वेळी टांगणीसाठी वापरलेल्या तारा व दोरे यांच्या पडद्यावर दिसणाऱ्या खुणा पुसून टाकण्याच्या क्रियेस येथे निवारण म्हटले आहे. संगणकाच्या दृष्टीने हे दोष जवळजवळ एकाच जातीचे आहेत : प्रतिमेवरून गेलेली बारीक रेघ शोधावयाची आणि तिच्याखाली काय असावे हे ठरवून ती जागा भरावयाची. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत फरक आहे. ओरखडा हा चित्रपट तयार झाल्यानंतर हाताळणीने केलेला घाव असतो. तार ही चित्रपटकर्त्याने स्वतःच चौकटीत आणलेली, पण प्रेक्षकाला दिसू नये म्हणून धडपड केलेली वस्तू असते. एकाच साधनाने दोन्ही पुसता येऊ लागल्यावर या फरकाचा विसर पडणे सोपे झाले.

चित्रफितीचे मुख्यतः दोन थर असतात : पारदर्शक पाया आणि त्यावरील प्रतिमाधारक पायस. ओरखडा कोणत्या थरावर व कोणत्या प्रतीवर पडला, यावरून त्याचे पडद्यावरील रूप ठरते. मूळ निगेटिव्हच्या पायसावरील खोल ओरखडा पडद्यावर काळा दिसतो, तर तिच्या पायावरील ओरखडा प्रकाश विखुरत असल्याने पांढरा उमटतो. प्रदर्शनाच्या प्रतीवर नेमका उलटा प्रकार घडतो. रंगीत प्रतीत पायसाचे रंगथर एकावर एक असतात. वरचा किरमिजी थर खरवडला गेला की रेघ हिरवी दिसते, त्याखालचा निळसर थरही गेला की पिवळी आणि सर्व थर गेले की पांढरी. जुन्या चित्रपटगृहांत रिळाच्या आरंभी व अखेरीस हिरव्या रेघांचा पाऊस पडे, त्याचे कारण हेच. रिळाची टोके सर्वांत अधिक हाताळली जातात.

पायावरील ओरखड्यांवर पहिला खात्रीचा उपाय १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आला. त्यास ओले मुद्रण म्हणता येईल. नवी प्रत काढताना फीत परक्लोरोएथिलीनसारख्या द्रवात बुडविली जाते. या द्रवाचा प्रणमनांक पायाच्या प्रणमनांकाच्या अगदी जवळचा असल्याने द्रव ओरखड्याच्या खाचेत भरला की प्रकाश तेथून न विखुरता सरळ जातो आणि नव्या प्रतीत रेघ उमटत नाही. युक्ती साधी असून विलक्षण परिणामकारक आहे. मात्र हा द्रव आरोग्यास अपायकारक आहे. शिवाय पायसच नाहीसे झाले असेल, तर हरवलेली प्रतिमा द्रव परत आणू शकत नाही. तसेच एखाद्या झिजलेल्या प्रतीवरून दुसरी प्रत काढली असेल, तर पहिलीचे ओरखडे दुसरीत प्रतिमेचाच भाग म्हणून छापले जातात व तेथे खाच नसल्याने ओल्या मुद्रणाचा काहीच उपयोग होत नाही.

तारांचा इतिहास याहून जुना व अधिक रंजक आहे. तार लपविण्याची कला मुख्यतः प्रकाशयोजनेची होती. तारेची चकाकी मारणे, तिला पार्श्वभूमीचा रंग देणे आणि तिच्यावर प्रकाश पडू न देणे हे तिचे नियम. मुंबईच्या चित्रसृष्टीतील युक्तिदृश्यांचे आद्य तज्ञ बाबूभाई मिस्त्री (१९१८–२०१०) यांनी विजय भट्ट यांच्या ख्वाब की दुनिया (१९३७) या चित्रपटात काळ्या पार्श्वभूमीपुढे काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवून अदृश्य माणसाचा भास निर्माण केला. या कामामुळे त्यांना ‘काला धागा’ हेच नाव पडले. जी वस्तू दिसू नये म्हणून सर्व खटाटोप, तिच्याच नावाने तिचा कर्ता ओळखला जावा, हा योग दुर्मिळच.

हॉलिवुडमध्ये द वॉर ऑफ द वर्ल्ड्स (१९५३) या चित्रपटातील मंगळवासीयांची युद्धयाने बारीक तारांनी टांगलेली होती. त्या काळच्या टेक्निकलर पद्धतीच्या प्रतींत रंगद्रव्ये एकामागून एक उमटविली जात असल्याने बारीक तपशील किंचित पुसट होत आणि तारा बव्हंशी झाकल्या जात. पुढे अधिक रेखीव अशा नव्या फिल्मवर प्रती निघू लागल्या तेव्हा त्याच तारा ठळक दिसू लागल्या. चित्रपट तोच, निगेटिव्ह तेच. परंतु नव्या प्रेक्षकाला कारागीर गबाळे वाटले.

संगणकीय निवारणाचा आरंभ तारांपासून झाला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या अमेरिकन संस्थेने चित्रचौकटी संगणकात घेऊन तारा पुसण्यास प्रारंभ केला. टर्मिनेटर २ (१९९१) या चित्रपटातील मोटारसायकलच्या उडीसाठी भार पेलणारे दोर उघड उघड वापरले गेले व नंतर पुसण्यात आले. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. तार दिसू नये म्हणून पूर्वी ती शक्य तितकी बारीक ठेवावी लागे आणि तिचा धोका तिच्यावर लटकणाऱ्या माणसाला पत्करावा लागे. पुसण्याची हमी मिळताच जाड, भक्कम दोर वापरता येऊ लागले. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने १९९३ च्या तांत्रिक पुरस्कारांत मार्क लेदर, लेस डिटर्ट, डग्लस स्माइथ व जॉर्ज जोब्लोव्ह यांचा गौरव केला, तो टांगणीची साधने तसेच धूळ व इजा यांच्या खुणा काढून टाकणाऱ्या संगणकीय प्रणालीबद्दल. दोन्ही दोष एकाच मानपत्रात आले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याच वर्षी डिझ्नीचा स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्‌स (१९३७) हा चित्रपट कोडॅकच्या सिनेऑन प्रणालीने संपूर्णपणे संगणकात घेऊन, स्वच्छ करून पुन्हा फिल्मवर उतरविण्यात आला. संपूर्ण लांबीच्या चित्रपटावर असा प्रयोग प्रथमच होत होता. ८३ मिनिटांच्या चित्रपटात दर सेकंदास २४ या प्रमाणाने सु. १,१९,५०० चौकटी होतात, यावरून कामाचा आवाका ध्यानी यावा.

धुळीचा कण बहुधा एकाच चौकटीत असतो. म्हणून मागील व पुढील चौकटींतील हालचालीचा हिशेब करून तेथील भाग उचलून ठिपका झाकता येतो. फितीच्या लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा मात्र शेकडो चौकटींत एकाच जागी टिकून राहतो. शेजारच्या चौकटी तेथे फारशा मदतीस येत नाहीत. रेघेच्या डाव्याउजव्या बाजूंवरून मधली प्रतिमा अनुमानाने भरावी लागते. तारेबाबत, ती व पार्श्वभूमी एकमेकींच्या संदर्भात हलत असतील तर झाकलेला भाग पुढेमागे उघडा होतो व तेथून घेता येतो. या गणिताचा पाया घालणाऱ्यांत अनिल कोकरम यांचे संशोधन महत्त्वाचे असून, त्यांचा सहभाग असलेल्या फर्नेस या सॉफ्टवेअरसंचास २००७ मध्ये अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. रंगीत फितीसाठी आणखी एक उपाय आहे. तिच्या रंगद्रव्यांतून अवरक्त किरण आरपार जातात, पण धूळ व ओरखडे त्यांना अडवितात. त्यामुळे दोषांचा स्वतंत्र नकाशाच मिळतो. कृष्णधवल फितीतील चांदी स्वतःच हे किरण अडवीत असल्याने तेथे ही सोय नाही.

यंत्र चुकते ते येथेच. पावसाचे थेंब, ठिणग्या, वाद्याची कंप पावणारी तार किंवा वेगाने जाणारा चेंडू या वस्तू एकेका चौकटीत धुळीसारख्याच भासतात आणि आज्ञावलीवर विसंबल्यास नाहीशा होतात. म्हणून चांगल्या कामात प्रत्येक दुरुस्ती डोळ्यांखालून घालावी लागते.

खरा वाद तारेचा आहे. २०१८ मध्ये द वॉर ऑफ द वर्ल्ड्सची पुनःस्थापित प्रत निघाली तेव्हा युद्धयानांच्या तारा पुसण्यात आल्या. १९५३ च्या प्रेक्षकास त्या बहुधा दिसल्याच नव्हत्या, म्हणून त्या पुसणे हेच मूळ अनुभवाशी इमान, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु निगेटिव्हवर त्या होत्या, हेही तितकेच खरे. चित्रपट-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९८ च्या आचारसंहितेनुसार पुनःस्थापनेत मूळ कृतीचे स्वरूप बदलता कामा नये. पण ‘मूळ’ म्हणजे निगेटिव्ह की पहिल्या दिवशीचा पडदा, हा प्रश्न उरतोच. व्यंगपटांत सेल्युलॉइडवर बसलेली व चित्राबरोबरच टिपली गेलेली धूळही याच संशयित कोटीत मोडते. टिकाऊ उपाय एकच दिसतो : दुरुस्तीपूर्वीची संगणकीय प्रत जशीच्या तशी जपणे व काय पुसले त्याची नोंद ठेवणे.

भारतात हा प्रश्न बहुतांशी ओरखड्यांचाच आहे, कारण अनेक जुन्या चित्रपटांचे मूळ निगेटिव्हच उरलेले नाही. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अनेक नायट्रेट फिती २००३ च्या आगीत नष्ट झाल्या. महाराष्ट्रात तंबूंतून गावोगाव, जत्राजत्रांतून फिरलेल्या प्रती यंत्रांतून शेकडो वेळा गेलेल्या असत; निगेटिव्ह गेल्यावर अशाच प्रतींवरून नव्या प्रती निघाल्या आणि ओरखडे त्यांत कायमचे छापले गेले. सत्यजित राय यांच्या पथेर पांचाली (१९५५) या चित्रपटाचे निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळले. पुढे इटलीतील बोलोन्या येथे त्याचा सु. ४० टक्के भाग वापरण्याजोगा करण्यात आला व उरलेला अन्य प्रतींवरून घेऊन २०१५ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनःस्थापित केलेला श्याम बेनेगल यांचा मंथन (१९७६) २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आला. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली २०२२ मध्ये सु. २,२०० चित्रपटांच्या पुनःस्थापनेची योजना जाहीर झाली. त्याच वर्षी पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.