शिर्डीची हंडी

नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, गोदावरीच्या खोऱ्यात, पौषातील थंडी अंगात शिरते तेव्हा घरोघरच्या चुलींवर काहीतरी पातळ, आंबूस आणि कढत शिजू लागते. त्याला सूप म्हणण्याची चाल अलीकडची. तथापि भाजी, पीठ आणि दुधाचा एखादा आंबट प्रकार एकत्र शिजवून थंडीला उत्तर देण्याची रीत येथे जुनी आहे. तिचा सर्वांत तपशीलवार लेखी पुरावा कोणत्याही पाकशास्त्रात नसून एका पोथीत सापडतो, ही गोष्ट आम्हांस मोठी लक्षणीय वाटते.

ती पोथी म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर, अर्थात हेमाडपंत, यांचे ओवीबद्ध श्रीसाईसच्चरित. दाभोलकर 1929 मध्ये वारले आणि ग्रंथ 1930 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या 38 व्या अध्यायात साईबाबांच्या हंडीचे वर्णन आहे. बाबा स्वतः बाजारात जात, रोख पैसे मोजून धान्य, पीठ आणि मसाला घेत. मशिदीच्या अंगणात मोठी चूल पेटे. भांडी दोन, एक पन्नास माणसांचे आणि दुसरे शंभरांचे. मसाला ते पाट्यावर स्वतः वाटीत. कधी गोड भात, कधी मांसाचा पुलाव, तर कधी उकळत्या वरणात कणकेचे गोळे सोडलेले. आपल्याकडील हुलग्याचे शेंगोळे ज्यांनी हिवाळ्यात ओरपले आहेत, त्यांना ह्या शेवटच्या पदार्थाची ओळख करून देण्याचे कारण नाही.

ह्याच हंडीबरोबर आंबीलही वाटली जाई. ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवून त्यात ताक मिसळलेले, एवढेच तिचे साहित्य. खरे पाहता आंबील उन्हाळ्याची, थंडीचे मानकरी हुलग्याचे माडगे आणि ताकातला चाकवत. पण ज्वारी आणि ताक ही दोन्ही गरिबाच्या घरची असल्याने तिला ऋतूचे बंधन फारसे राहिले नाही.

अन्न शिजल्यावर मौलवीकडून फातिहा होई. म्हाळसापती आणि तात्या पाटील यांच्याकडे वाटा जाई आणि उरलेले बाबा आपल्या हाताने गोरगरिबांना वाढीत. मांसाची हंडी असली की ज्यांना ते चालते त्यांनाच ती मिळे. ज्यांना चालत नाही त्यांना तिला हातही लावू देत नसत. एकत्र जेवण्याचा आग्रह पुष्कळांनी धरला आहे, परंतु त्यात दुसऱ्याच्या जिभेचा आणि मनाचा इतका मान ठेवणारे थोडे. जेथे कोणाच्या पंक्तीस कोण बसतो यावरून गावेच्या गावे दुभंगत, त्या काळची ही गोष्ट आहे.

येथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हंडीची प्रथा 1910 पर्यंत चालली असे पोथी म्हणते, आणि दाभोलकर शिर्डीस प्रथम आले तेही 1910 मध्येच. तेव्हा हंडीचे वर्णन बहुतांशी त्यांनी जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेले असावे. तरीही भांड्यांचे माप, रोखीचा व्यवहार, पाटा, ताक असले तपशील भक्तीच्या भरात रचले जात नसतात. चमत्कारांविषयी वाचकाने आपापल्या श्रद्धेनुसार ठरवावे. स्वयंपाकाच्या साक्षीवर आम्ही विश्वास ठेवतो.

प्रथा बंद का पडली, तर दासगणूंच्या कीर्तनांनी बाबांची कीर्ती मुंबई इलाख्यात पसरली आणि नैवेद्याची ताटे येऊ लागली. ती इतकी, की स्वतः शिजविण्याची गरजच उरली नाही. यजमानाची चूल थंड झाली याची हळहळ आम्हांस वाटते.

पुढे पाटाच्या पाण्याने ह्या भागात ऊस आला, आणि 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेताची आणि ताटाची चव पालटली. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छपरावर 2009 मध्ये सूर्याच्या उष्णतेने वाफ तयार करणारे 73 परावर्तक बसले आणि त्या वाफेवर हजारोंचे अन्न शिजू लागले.

घरात मात्र रीत जुनीच आहे. चाकवत तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीबरोबर आणि मूठभर शेंगदाण्यांबरोबर मऊ शिजवावा, घोटावा. आंबट ताकात थोडे बेसन कालवून मगच ते ओतावे, नाहीतर ताक फुटते. मंद आचेवर सतत ढवळावे आणि वरून लसूण व लाल मिरचीची फोडणी द्यावी. हल्लीची मुले त्यावर चीज किसून घेतात. आम्ही हरकत घेत नाही. दुधाचेच ते.

त्याच 38 व्या अध्यायात आणखी एक प्रसंग आहे. दाभोलकरांचे जेवण होऊन पोट भरलेले असताना बाबांनी त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला. ते घेण्यास कचरले, तेव्हा अशी संधी पुन्हा येणार नाही अशा आशयाचे बाबा बोलले. दाभोलकरांनी ताक प्यायले. त्यानंतर थोड्याच काळाने, 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीच्या दिवशी, बाबांचे देहावसान झाले.