ग्रीनलँडचे रक्तनमुने आणि मत्स्याहाराचा सिद्धांत

मत्स्याहाराने शरीरातील दाह शमतो आणि स्थूल व्यक्तींना त्याचा विशेष लाभ होतो, हे मत आज आहारशास्त्रात बरेचसे रूढ झाले आहे. त्याची वंशावळ मात्र वाटते तितकी सरळ नाही.

या मताचा उगम सामान्यतः १९७० सालच्या एका मोहिमेत शोधला जातो. हान्स ओलाफ बँग व यॉर्न डायरबर्ग हे डेन्मार्कमधील ऑल्बोर्ग येथील वैद्य आपल्या सहकाऱ्यांसह वायव्य ग्रीनलँडमधील उमानाक जिल्ह्यात गेले आणि १३० इन्युइट स्त्रीपुरुषांच्या रक्ताचे नमुने घेऊन परतले. १९७१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. इतका मेदयुक्त आहार घेणाऱ्या या लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण डेन्मार्कमधील लोकांपेक्षा कमी होते. डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेल्या इन्युइटांत मात्र हा विशेष आढळला नाही. तेव्हा कारण आनुवंशिक नसून आहारात आहे, असे त्यांनी अनुमान केले. पुढील पृथक्करणात त्या रक्तात आयकोसापेंटानॉइक हे मेदाम्ल विपुल सापडले. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते: हा आहार केवळ माशांचा नव्हे, तर मुख्यत्वे सील व देवमासा यांच्या मांसाचा होता.

ऑक्सफर्डच्या ह्यू सिंक्लेअर यांनी अशाच आहाराचा प्रयोग १९७९ साली स्वतःवर केला. शंभर दिवस ते केवळ सील, मासे व तत्सम सागरी अन्नावर राहिले. त्यांचा रक्तस्रावाचा काळ काही मिनिटांवरून सुमारे पन्नास मिनिटांपर्यंत लांबला. एकाच व्यक्तीवरील प्रयोगाची किंमत मर्यादित. तथापि रक्त गोठण्याच्या क्रियेवर या आहाराचा परिणाम होतो, हे त्याने ठसठशीतपणे दाखविले.

दाहाचा प्रश्न या चर्चेत शिरला तो प्रोस्टाग्लँडिनांच्या वाटेने. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले होते. १९७८ मध्ये डायरबर्ग व बँग यांनी व्हेन यांच्यासह लिहिलेल्या लेखात, माशांतील मेदाम्ल हे ॲराकिडोनिक आम्लाची जागा घेते व त्यामुळे रक्तबिंबिका एकत्र येण्याची प्रवृत्ती घटते, असा विचार मांडला. स्थूलतेचा संबंध आणखी उशिरा जुळला. १९९३ साली होतामिस्लिगिल व सहकाऱ्यांनी स्थूल प्राण्यांच्या मेदऊतीत दाहकारक द्रव्य तयार होते हे दाखविले आणि मेद ही केवळ साठवणीची कोठी आहे, ही जुनी कल्पना ढासळली.

या दोन धारांचा संगम एकविसाव्या शतकातील एका युरोपीय चाचणीत दिसतो. आइसलँड, स्पेन व आयर्लंड येथील सुमारे तीनशे स्थूल तरुणांना आठ आठवडे कमी उष्मांकाचा आहार देण्यात आला. एका गटाला आठवड्यातून तीनदा दीडशे ग्रॅम कॉड, दुसऱ्याला तितकाच सॅमन, तिसऱ्याला माशाच्या तेलाच्या कुप्या मिळाल्या. चौथ्या गटास मासे दिले नाहीत. दाहाची चिन्हे सॅमन खाणाऱ्यांत सर्वांत अधिक उतरली. लक्षणीय बाब अशी की, कॉड हा अल्पमेदी मासा असूनही त्या गटात काही घट आढळली. याचे श्रेय एकट्या मेदाम्लाला कसे द्यावे? माशांत प्रथिने, सेलेनियम, आयोडीन, आणि मेदयुक्त माशांत ड जीवनसत्त्वही असते. शिवाय वजन घटल्यानेच दाह उतरतो. हे घटक एकमेकांपासून वेगळे काढणे सोपे नाही.

मूळ पायाही दरम्यान डळमळला. १९७१ च्या लेखात हृद्रोगाची तपासणी झालीच नव्हती. इन्युइटांत तो विरळा आहे ही समजूत जुन्या नोंदींवरून घेतलेली होती, असे २०१४ साली फोडोर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, ग्रीनलँडच्या इन्युइटांत मेदाम्लांच्या चयापचयाशी निगडित जनुकांत विशिष्ट अनुकूलन घडले आहे, असे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डेन्मार्कमधील इन्युइटांच्या आधारे १९७१ साली मिटविलेला आनुवंशिकतेचा प्रश्न अशा रीतीने चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा उघडला गेला.