पॅलिएटिव्ह केअर : इतर विभागांशी सहकार्य

गंभीर आजारातील वेदना, धाप आणि मनाची घालमेल हलकी करणारी उपचारशाखा. मुंबईतले कर्करोग-शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्यात शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस सुरू केले. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१२ पासून या विषयात एमडी करता येते.

हे काम एकट्या विभागाचे नव्हेच. रुग्णाच्या अखेरच्या आठवड्यात या विभागाला बोलावणे तर फारच उशिराचे. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या कळांवर रेडिएशनची एकच मात्रा पुष्कळदा पुरते. स्वादुपिंडाच्या असह्य दुखण्यावर वेदनातज्ज्ञ नसांचे जाळे बधिर करतात. मूत्रपिंड अधू असेल तर मॉर्फिनचा डोस मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलून ठरतो.

भिवंडीजवळच्या काल्हेरहून परळ गाठणाऱ्या रुग्णाला हे सारे एकाच फेरीत मिळाले, तर खाडीपूल ओलांडून पुन्हा येण्याचे त्याचे हाल वाचतात.