मधमाशीच्या घरातील कोळी



बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात मधाची बाटली विकत घेणारा गृहस्थ मध शुद्ध आहे ना, एवढीच चौकशी करतो. तो मध देणाऱ्या माश्यांवर कोणते संकट गुदरले होते, हे विचारण्याचे त्याला कारण पडत नाही. आज त्या संकटाचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

१९०४ साली औडेमान्स या डच प्राणिशास्त्रज्ञाने जावा बेटातील मधमाश्यांवरील एका तांबूस, चपट्या कोळ्याचे वर्णन केले व त्यास व्हॅरोआ असे नाव दिले. त्या माश्या आपल्या सातेरीच्याच जातीच्या. सातेरीचे आणि या किडीचे वैर फार जुने, आणि म्हणूनच बेताचे! तिच्या पोळ्यात ही कीड बहुधा नरांच्या पिलाव्यातच वाढते. शिवाय कामकरी माश्या तिला एकमेकींच्या अंगावरून ओढून काढतात व चावतात. पुढे माणसाने युरोपातील मेलिफेरा माशी पूर्वेकडे नेली. तिला हा शत्रू ठाऊक नव्हता. कामकरी माश्यांचा पिलावाही किडीच्या तावडीत सापडला आणि वसाहतीच्या वसाहती बसल्या. १९८७ मध्ये ही कीड अमेरिकेत आढळली, २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात. गंमत अशी की, हा अनर्थ करणारी कीड औडेमान्सची नव्हेच, तिची सख्खी बहीण होय, हे २००० साली उलगडले.

आपल्या देशात मेलिफेरा स्थिरावली ती १९६२ ते १९६४ या काळात, कांगड्यातील नगरोटा येथे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही १९६२ चीच. परंतु येथे या पाहुणीची गाठ दुसऱ्याही एका कोळ्याशी पडली. ट्रोपिलीलॅप्स हे त्याचे नाव. मूळचा तो उंच कड्यांवर मोहोळ बांधणाऱ्या आग्या माशीचा. आग्या ऋतुमानानुसार पोळे सोडून दूर जाते, तेव्हा पिलाव्याअभावी किडीची वाढ खुंटते. पेटीत बारमाही पिलावा ठेवणाऱ्या मेलिफेराला ही सोय कोठली?

प्रारंभी चौकटींवर गंधकाची पूड टाकीत. पुढे फॉर्मिक आम्लाची वाफ आली, जी झाकलेल्या घरांतही शिरते. मला मात्र आग्याकडून शिकलेली युक्तीच अधिक पटते. प्रौढ माशीच्या अंगावर ट्रोपिलीलॅप्सला पोट भरता येत नाही. पिलाव्यावाचून तो थोडेच दिवस तगतो. म्हणून राणीला जाळीच्या पिंजऱ्यात कोंडतात. कामकरी माश्यांचा जुना पिलावा एकवीस दिवसांत बाहेर पडतो, नरांचा चोवीस. तोवर राणीला सोडावयाचे नाही.